मालकीचा विमा : विमानापासून केजच्या दुकानापर्यंत

विमानाच्या मालकीचा विमा हा विषय केजच्या बाजारपेठेत बसून लिहिण्यासारखा आहे काय, अशी शंका वाचकांना येणे साहजिक आहे. बीड जिल्ह्यात आजही प्रवासी विमानतळ नाही. आमच्या तालुक्यातील माणसाला विमान दिसते ते मांजरा धरणावरून फार उंच जाताना, एका पांढऱ्या रेघेसारखे. तरीही आम्ही हा विषय मुद्दाम घेतला आहे. कापडाच्या धंद्यात आम्हाला जो सवाल नेहमी पडत आला, तोच सवाल शेकडो कोटींचे विमान घेणाऱ्यालाही पडतो. जो विकतो आहे, त्याचा हा माल खरोखर आहे काय? आणि नसेल तर दिलेले पैसे कोणाकडून परत घ्यायचे?

प्रगत देशांतील व्यापाऱ्यांनी या सवालावर एक तोड काढली आहे. तिला टायटल इन्शुरन्स म्हणतात. आपण मालकी हक्काचा विमा म्हणू. जमिनीसाठी ती निघाली आणि पुढे जहाज, विमान यांच्यापर्यंत गेली. आपल्याकडे तिचे नाव अजून बिल्डर लोकांच्या बैठकीपलीकडे फारसे पोचलेले नाही. ती काय चीज आहे, कोठे उपयोगी पडते, कोठे पडत नाही आणि आमच्या मराठवाड्यासारख्या मुलखात, जिथे जमिनीचे निम्मे जुने कागद उर्दूत आहेत, तिथे तिचा विचार कसा करावा, हे आज मांडण्याचा इरादा आहे.

एक विमान, दोन खरेदीदार

आधी एक खरा खटला सांगतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ जून १९८३ रोजी त्याचा निकाल दिला. 'फिल्को एव्हिएशन विरुद्ध शॅकेट' या नावाने तो कायद्याच्या पुस्तकांत आहे.

एप्रिल १९७८ मध्ये इलिनॉय राज्यातील एका विमानतळावर एका विक्रेत्याने शॅकेट मंडळींना नवे कोरे विमान विकले. त्यांनी किंमत पूर्ण चुकती केली, विमानाचा कब्जा घेतला आणि विमान घेऊन गेले. विक्रेत्याने विक्रीचे मूळ कागद मात्र दिले नाहीत. फोटोकॉपी हातात ठेवली आणि कागदोपत्रांचे मी बघून घेतो, असे सांगितले. थोड्याच दिवसांत त्याच इसमाने तेच विमान फिल्को नावाच्या कंपनीला विकल्याचे दाखवले. विमान कोठे आहे, असे विचारल्यावर ते दुसऱ्या राज्यात इलेक्ट्रॉनिक सामान बसवायला गेले आहे, अशी थाप मारली. फिल्को आणि तिला कर्ज देणारी बँक यांनी मूळ कागद पाहिले, सरकारी नोंदवही तपासली, तेथे सर्व काही साफ होते. पैसे दिले आणि बँकेने कागद सरकारदरबारी नोंदवूनही टाकले.

आता विमान कोणाचे? खालच्या दोन्ही कोर्टांनी शॅकेट यांच्या बाजूने कौल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. जो व्यवहार सरकारी नोंदवहीत नोंदला नाही, तो त्या व्यवहाराची माहिती नसलेल्या तिसऱ्या प्रामाणिक खरेदीदाराविरुद्ध चालत नाही, असे न्यायालयाने ठरवले. फिल्कोला आधीच्या विक्रीची खरोखर खबर होती काय, हा मुद्दा पुढील चौकशीसाठी खालच्या कोर्टांकडे सोडला.

वाचकांनी यातील गंमत ध्यानात घ्यावी. शॅकेट यांनी विमान पाहिले, पण मूळ कागद घेतले नाहीत. फिल्कोने कागद पाहिले, पण विमान पाहिले नाही. दोघेही आपापल्या परीने सावध होते. आणि 'कागदाचे मी बघतो' हे वाक्य तर केजपासून अंबाजोगाईपर्यंत कोणत्याही प्लॉटच्या सौद्यात ऐकू येते. शंभराच्या स्टॅम्पवर दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, पैसे चुकते आणि खरेदीखत 'नंतर करू'. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केले आहे की, साठेखत, मुखत्यारपत्र किंवा मृत्युपत्र यांच्या आधारे केलेल्या अशा विक्रीने स्थावर मिळकतीची मालकी बदलत नाही. नोंदणीकृत खरेदीखतच लागते. हा निकाल येऊन दशक उलटले तरी आपल्याकडचा रिवाज काही सुटलेला नाही.

कापडवाल्यांसाठी इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो. मालविक्री कायदा १९३० चा आहे. त्याचा सर्वसाधारण नियम असा की, ज्याच्याकडे जेवढा हक्क आहे त्यापेक्षा जास्त हक्क तो दुसऱ्याला देऊ शकत नाही. म्हणून चोरीच्या गाठी घेणाऱ्याचे पैसे बुडतात. पण त्याच कायद्याचे कलम ३० वेगळे बोलते. आपण मालेगावात किंवा इचलकरंजीत वीस गाठी विकत घेतल्या, पैसे दिले आणि गाठी सवडीने नेऊ म्हणून विक्रेत्याच्याच गोदामात राहू दिल्या. त्याने त्याच गाठी दुसऱ्या प्रामाणिक गिऱ्हाइकाला विकून त्याच्या ताब्यात दिल्या, तर त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला चांगली मालकी मिळते. आपण फक्त विक्रेत्याच्या मागे धावायचे. मालाऐवजी रेल्वे पावतीसारखा मालाचा कागद विक्रेत्याकडे राहू दिला तरी धोका तोच आहे. विमानाची गोष्ट परदेशची वाटते, पण गाठींची गोष्ट घरचीच आहे.

हा विमा मागे पाहतो

आगीचा विमा, चोरीचा विमा, गाडीचा विमा हे सर्व पुढे होणाऱ्या नुकसानीचे असतात. उद्या आग लागली तर, परवा अपघात झाला तर. मालकीच्या विम्याची चाल उलटी आहे. खरेदीच्या दिवसापर्यंत जे घडून गेले आहे, पण आपल्याला दिसले नाही, त्याचा तो विमा आहे. दहा वर्षांपूर्वीची बनावट सही, न फेडलेले कर्ज, दप्तरात चुकून न चढलेली नोंद, वगळलेला वारस, अधिकार नसताना कंपनीच्या वतीने सही करणारा मुनीम. असे काही पुढे उगवले तर विमा कंपनी कोर्टाचा खर्च करते आणि हक्क गेलाच तर ठरलेल्या रकमेपर्यंत भरपाई देते. म्हणूनच याचा हप्ता साधारणपणे दरवर्षी भरावा लागत नाही. खरेदीच्या वेळी एकदाच भरला की, मिळकत मालकाकडे असेपर्यंत विमा चालतो.

याचा जन्मही एका तकरारीतून झाला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात १८६८ मध्ये 'वॉटसन विरुद्ध म्युरहेड' नावाचा खटला गाजला. कागद तपासणाऱ्या माणसाने वकिलाच्या सल्ल्यावरून एक बोजा दुर्लक्षित केला. खरेदीदाराचे नुकसान झाले. पण तपासणाऱ्याने निष्काळजीपणा केलेला नाही, सबब तो जबाबदार नाही, असे कोर्टाने म्हटले. म्हणजे शोध घेणाराही प्रामाणिक, खरेदीदारही प्रामाणिक आणि पैसे मात्र बुडाले. मग १८७६ मध्ये फिलाडेल्फिया शहरात मालकी हक्काचा विमा देणारी पहिली कंपनी उभी राहिली.

विमानाच्या बाबतीत अमेरिकेची नोंदवही ओक्लाहोमा शहरात आहे. विक्रीचे दस्त, कर्जाचे बोजे, बोजा उतरल्याचे कागद, सर्व तेथे दाखल होतात. विमा देणारी कंपनी आधी त्या दप्तराची पहिल्या मालकापासून आजपर्यंतची साखळी तपासते. एखादी कडी तुटलेली असली, म्हणजे मधल्या एका मालकाची सही नसली किंवा जुन्या बँकेने बोजा उतरवल्याचा कागद दिला नसला, तर आधी तो दुरुस्त करून घेते. आमच्या मते या विम्याची खरी किंमत इथेच आहे. ज्याला उद्या आपल्या खिशातून पैसे द्यायचे आहेत, तो कागद नीट वाचतो. फी घेऊन सर्च रिपोर्ट देणारा तितका वाचेलच असे नाही, आणि वकील मंडळींनी याचा राग मानू नये.

एक बारीक बाब आणखी. अमेरिकेच्या कायद्यात लिहून ठेवले आहे की, मालकीबद्दल वाद असेल तेव्हा विमानाचे नोंदणी प्रमाणपत्र हा मालकीचा पुरावा धरता येत नाही. आपल्याकडे सातबाऱ्याचे तेच आहे. फेरफार झाल्याने मालकी निर्माण होत नाही आणि संपतही नाही, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सावर्णी विरुद्ध इंदर कौर या खटल्यात सांगितले आहे. सातबाऱ्यावरील नाव महसूल गोळा करण्यासाठी असते. तरीही आपला अर्धा बाजार 'सातबारा आमच्या नावावर आहे' एवढ्या एका वाक्यावर चालतो.

मालकी होती, विमान मिळेना

आता आपल्या देशातले उदाहरण. बॉम्बे डाइंगची चादर आमच्या पिढीतील प्रत्येक कापड दुकानदाराने विकली आहे. १८७९ मध्ये सुरू झालेल्या त्या कंपनीचे वाडिया घराणे मुळात जहाजे बांधणारे. त्याच घराण्याने २००५ मध्ये गो एअर नावाची विमान कंपनी सुरू केली. २०२१ मध्ये तिचे नाव गो फर्स्ट झाले. मे २०२३ च्या सुरुवातीला कंपनीने उड्डाणे थांबवली आणि स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला. तो १० मे रोजी मंजूर झाला.

या कंपनीची विमाने बहुतेक भाड्याची होती. मालक परदेशी कंपन्या. भाडे थकले तेव्हा त्यांनी करार रद्द करून विमाने परत मागितली. पण दिवाळखोरी कायद्याच्या कलम १४ प्रमाणे, कंपनीच्या ताब्यात असलेली दुसऱ्याची वस्तूसुद्धा त्या मुदतीत मालकाला परत नेता येत नाही. विमाने उभीच राहिली. सुटे भाग काढले गेले, देखभाल होत नाही, अशा तक्रारी मालकांनी कोर्टात केल्या. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी केंद्र शासनाने विमानांना त्या बंदीतून वगळणारी अधिसूचना काढली. तरी वाद चालूच राहिला. शेवटी २६ एप्रिल २०२४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ५४ विमानांची नोंदणी पाच कामकाजी दिवसांत रद्द करण्याचा आदेश नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला दिला, तेव्हा मालकांची सुटका झाली. जवळजवळ एक वर्ष गेले. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीच गुंडाळण्याचा हुकूम निघाला.

हे उदाहरण आम्ही मुद्दाम सविस्तर दिले. या विमानांच्या मालकीबद्दल कोणाचाच वाद नव्हता. कागद साफ होते. अडचण कब्जाची होती. मालकी हक्काचा विमा घेतलेला असता तरी तो इथे कामी आला नसता, कारण तो पूर्वीच्या दोषांचा विमा आहे; भाडेकरू दिवाळखोर झाल्याचा नव्हे. त्यासाठी वेगळ्या प्रकारचा विमा घ्यावा लागतो. एजंट लोक अशा बाबी एका दमात सांगून टाकतात आणि गिऱ्हाइकाला वाटते की सर्व काही झाकले गेले. दुकान भाड्याने देणाऱ्या आमच्या बांधवांना हा फरक चांगला कळेल. दुकान तुमचेच आहे हे भाडेकरूही कबूल करतो, फक्त खाली करत नाही.

विमानवाल्यांनी यावरही जागतिक तोड काढली आहे. १६ नोव्हेंबर २००१ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथे एक करार झाला. त्यानुसार २००६ पासून आयर्लंडमधील डब्लिन येथे संगणकावर चालणारी आंतरराष्ट्रीय नोंदवही आहे. विमानावर कोणाचा काय हक्क आहे, हे जगातला कोणीही माणूस फी भरून तेथे पाहू शकतो. ज्याची नोंद आधी, त्याचा हक्क आधी. इंजिनांची नोंद वेगळी होते, कारण एका विमानाचे इंजिन काढून दुसऱ्याला लावले जाते आणि विमानाचा मालक एक, इंजिनाचा मालक दुसरा असेही घडते. भारत या करारात २००८ मध्ये सामील झाला, पण तो अमलात आणणारा स्वतंत्र कायदा संसदेने २०२५ मध्ये केला. मधल्या सतरा वर्षांतच गो फर्स्टचे प्रकरण घडले.

टेम्पो-ट्रक घेणाऱ्यांसाठी हीच बाब आर. सी. बुकात आहे. बुकावर फायनान्स कंपनीचा बोजा असेल आणि विकणारा म्हणाला की हप्ते फिटले आहेत, तर त्या तोंडी शब्दावर राहू नये. फायनान्स कंपनीचे ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ घेऊन आर. टी. ओ. कडून बोजा उतरवून घ्यावा, मगच फॉर्म २९ व ३० वर सह्या करून पूर्ण पैसे द्यावेत. इंजिन आणि चेसिसचा नंबर स्वतः डोळ्यांनी ताडून पाहावा.

आमचा मुलूख आणि उर्दूतले कागद

आता घरच्या प्रश्नाकडे येतो. केज तालुका १९४८ पर्यंत निजाम राज्यात होता. त्या काळचे महसुली कागद उर्दूत आहेत, काही मोडीत. साल फसली आहे. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन साधारण कळतो. १३५८ फसली म्हणजे १९४८-४९. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तहसील कचेऱ्यांना उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची एकाएकी गरज पडली. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांना त्या वेळी थोडा मान मिळाला, हे कबूल केले पाहिजे. पण आजचे तरुण वकील हे कागद वाचू शकत नाहीत आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढून मोकळे होतात. आमच्या मुलखातील जमिनीचा दोष पुष्कळदा तीस वर्षांच्या मागे असतो.

एका शब्दाचे उदाहरण घ्या. जुन्या दस्तात 'बै' लिहिले असेल तर ती विक्री. 'रहन' लिहिले असेल तर ते गहाण. आणि 'बै-बिल-वफा' लिहिले असेल तर दिसायला विक्री, पण पैसे परत केले की जमीन परत, अशी शर्त. घाईत लिहिलेल्या शिकस्ता लिपीत ही अक्षरे वाचायला जुना जाणकार लागतो. आजोबांनी रहन घेतलेली जमीन नातू मालकीची समजून विकतो आणि त्याची त्यात काही बदनियत नसते. पण कब्जे-गहाणाच्या बाबतीत, केवळ तीस वर्षे उलटली म्हणून मूळ मालकाचा सोडवून घेण्याचा हक्क मरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सिंग राम विरुद्ध शिओ राम खटल्यात सांगितले आहे. म्हणजे तो कागद आजही जिवंत आहे.

दुसरी बाब इनाम जमिनींची. निजामाच्या काळात उदरनिर्वाहासाठी दिलेली ती मदतमाश आणि मंदिर, मशीद, दर्गा यांच्या सेवेसाठी दिलेली ती खिदमतमाश. अशा इनामांची चौकशी १९५२ च्या अतियात कायद्याखाली होते व मुंतखब नावाचा कागद हा त्यातील महत्त्वाचा पुरावा. इनामे रद्द करण्याचा हैदराबादचा कायदा १९५४ चा आहे. मदतमाश जमीन नजराणा भरून नियमित करता येते, आणि २०२४ मध्ये राज्य शासनाने हा नजराणा बराच उतरवला. ज्यांचे प्लॉट अशा जमिनीवर आहेत त्यांनी तहसीलमध्ये चौकशी करावी. खिदमतमाशचे तसे नाही. ती जमीन सेवेची असते, सेवेकऱ्याची नसते. वक्फ जमीन तर विकताच येत नाही. तिचे खरेदीखत नोंदले गेले, सातबारा झाला, बँकेने कर्ज दिले, तरी विकणाऱ्याकडे जो हक्क नव्हता तो खरेदीदाराकडे कोठून येणार? बीड जिल्ह्यात अलीकडच्या वर्षांत अशा जमिनींच्या हस्तांतरणावरून गुन्हे दाखल झाले, ते वाचकांनी वर्तमानपत्रांत वाचलेच आहे. त्यात कचेरीतले लोक अडकले, ते अडकोत. पण ज्या छोट्या दुकानदाराने आयुष्याची कमाई घालून दोन गुंठे घेतले, त्याचे काय? रस्त्यालगत प्लॉट घेण्यापूर्वी १९५४-५५ चे खासरा पत्रक आणि वक्फ मंडळाच्या गॅझेटमधील यादी यांच्याशी गट नंबर ताडून पाहावा. जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर यांचा मेळ आधी लावून घ्यावा लागतो, नाहीतर भलत्याच जमिनीचा खासरा हाती येतो.

तिसरी बाब आपल्या घरांतली आहे आणि तिच्यावर बोलणे लोकांना आवडत नाही. वडील वारले की त्याच क्षणी मुलामुलींचे हिस्से पडतात. मुलाच्या निम्मा मुलीचा. मुलगे दुकान चालवतात, वारस नोंदीत बहिणींची नावे घालत नाहीत. 'बहिणीने तोंडी सोडले' असे सांगतात. वीस वर्षांनी एक भाऊ दुकान विकतो. खरेदीदाराला कागदावर एकच नाव दिसते. पुढे बहीण किंवा तिची मुले उभी राहिली, तर विकणाऱ्या भावाचा जेवढा हिस्सा होता तेवढाच खरेदीदाराला मिळतो. आम्ही अशा किमान तीन तकरारींत पंच म्हणून बसलो आहोत. तिन्हींत बहिणीची बाजू खरी होती. बहिणीला खरोखर सोडायचे असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे. सोडायचे नसेल तर तिचा हिस्सा द्यावा आणि मग विकावे.

हिबाचेही असेच. मुस्लिम कायद्यात तोंडी हिबा चालतो. देणाऱ्याने जाहीर केले, घेणाऱ्याने कबूल केले आणि कब्जा दिला की तो पुरा होतो. त्याची लेखी नोंद करून ठेवली तरी ती रजिस्टर करणे जरुरीचे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हफीजा बीबी खटल्यात म्हटले. हा आपल्याला मिळालेला मोठा सवलतीचा नियम आहे, पण बाजाराच्या नजरेने पाहिले तर तो धोकाही आहे, कारण जे रजिस्टरमध्ये नाही ते खरेदीदाराला दिसत नाही. २०२५ मध्ये गुलबर्गा भागातील जमिनीच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने तोंडी हिब्यासाठी कब्जाचा ठोस, त्या काळचा पुरावा मागितला आहे. सबब हिबा केला असेल तर लगेच फेरफार करून घ्यावा. पाणीपट्टी, वीजबिल, नगरपंचायतीचा कर घेणाऱ्याच्या नावावर करावा.

मग आपल्याकडे हा विमा मिळतो काय?

कायद्यात त्याला जागा आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १६ मध्ये बिल्डरने जमिनीच्या मालकी हक्काचा विमा काढावा असे म्हटले आहे. मात्र ती सक्ती राज्य शासनाने अधिसूचना काढण्यावर ठेवली आहे. काही विमा कंपन्यांनी अशा पॉलिसी बाजारात आणल्या, पण त्यांचा रोख मोठ्या शहरांतील मोठ्या प्रकल्पांवर आहे. केजच्या माणसाने दोन गुंठ्यांसाठी किंवा एका गाळ्यासाठी विचारले तर एजंट आश्चर्याने पाहील. कंपन्यांनाही आम्ही पूर्ण दोष देत नाही. ज्या जमिनीचा मुंतखब कोठे आहे, खासरा कोणी वाचायचा, तोंडी हिबा झाला की नाही, हेच समजत नाही, तिथे हप्ता किती लावायचा?

ऑस्ट्रेलियात सर टॉरेन्स यांनी १८५८ मध्ये दुसरा मार्ग काढला. सरकारनेच नोंदवहीची हमी घ्यायची. नोंद ज्याची, मालकी त्याची. ही कल्पना त्यांना जहाजांच्या नोंदणीवरून सुचली होती, कारण ते पूर्वी कस्टम खात्यात होते. आपल्याकडे राजस्थानने २०१६ मध्ये शहरी जमिनीच्या मालकीचे प्रमाणपत्र देण्याचा कायदा केला. आंध्र प्रदेशाने असाच कायदा २०२३ मध्ये अमलात आणला, पण लोकांना त्याची भीती वाटली आणि २०२४ मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला. सरकारच्या वहीत चुकीचे नाव चढले तर काय, ही ती भीती. मराठवाड्यातील माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

विमा घेणे जायज की नाजायज, हा सवाल काही वाचक विचारतील. तो आलिमांचा प्रांत आहे, त्यांना विचारावे. आम्ही येथे फक्त व्यवहार सांगतो. आणि व्यवहार असा आहे की, विमा कंपनी जी तपासणी करून घेते, ती आपण स्वतः करू शकतो.

कॉम्प्लेक्समध्ये गाळा घेत असाल तर प्रकल्प महारेरामध्ये नोंदलेला आहे काय, हे पाहावे. जमिनीच्या मालकीत दोष निघाल्यामुळे नुकसान झाले तर बिल्डरने भरपाई द्यायची आहे, आणि रेराच्या कलम १८ प्रमाणे त्या मागणीला मुदतीची आडकाठी नाही. विमा नसला तरी हे हत्यार हातात आहे. मात्र पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठ गाळ्यांपर्यंतच्या बांधकामाला नोंदणीची सक्ती नाही, आणि आपल्या तालुक्याच्या गावी बहुतेक बांधकामे तेवढीच असतात.

बँकेचा छुपा बोजा पाहण्यासाठी सेरसाई नावाची केंद्रीय नोंदवही २०११ पासून आहे. एकाच दुकानावर दोन-दोन बँकांची कर्जे उचलली जात, म्हणून ती काढली. थोडी फी भरून कोणीही तेथे शोध घेऊ शकतो. गावच्या सोसायटीचे किंवा खाजगी सावकाराचे कर्ज मात्र तेथे दिसेलच असे नाही, त्यासाठी सातबाऱ्याचा इतर हक्क रकाना आणि गावातली चौकशी. बयाना देण्यापूर्वी दैनिकात जाहीर नोटीस द्यावी. खर्च थोडा येतो, पण न दिसणारा वारस पुष्कळदा त्या नोटिशीने बाहेर येतो. खरेदीखतात विकणाऱ्याकडून लिहून घ्यावे की मालकीत दोष निघाल्यास तो व त्याचे वारस नुकसान भरून देतील. आणि जागेवर जाऊन शेजाऱ्याला विचारावे की, इथे कोण बसते, भाडे कोण घेते. फिल्कोने एवढे केले असते, तर विमान शॅकेट यांच्याकडे उभे असल्याचे कळले असते.

खासऱ्याच्या नकलेसाठी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा लागतो. अर्जात गावाचे जुने नाव, सर्व्हे नंबर आणि फसली साल लिहिल्यास शोध लवकर लागतो. नक्कल मिळाली की तिचे मराठी भाषांतर दोन वेगवेगळ्या जाणकारांकडून करून घ्यावे आणि दोन्ही ताडून पाहावीत. भाषांतर करणाऱ्याला आधीपासून सांगू नये की आपल्याला त्यात 'बै' हवे आहे.